केवळाबाई बोलल्या

हे घडलेलं आहे. कुणाला पटावं म्हणून लिहीत नाही. मी एकटीनं ऐकलं असतं तर गप्प बसले असते, पण माझ्यासोबत नांदेडच्या गौसिया आपानंही ऐकलं. तिला विचारलं तर ती विषय बदलते. तेवढ्यावरून समजा.

मागच्या वर्षीचा मे महिना. लोहा तालुक्यातलं एक खेडं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

मी दामिनी. लातूरला राहते. माझे बाबा अपघातानंतर कमरेखाली लुळे पडले. भाऊ राजशेखर दुकान बघतो, बाबांचं मी बघते.

आमच्यासारख्या बायकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे, अशा बायकांचा. पाठीला जखम झाली तर काय लावायचं, कूस कधी बदलायची, घास घशात अडकला तर काय करायचं, असं सगळं तिथं विचारतो. आणि दुसरंही. आज जेवलीस का? आज रडलीस का? घरातलं कुणी हे विचारत नाही. ग्रुपवर विचारतात.

त्यात आम्ही तिघी जास्त जवळच्या झालो.

मी. गौसिया आपा, जिचे मिस्टर हनीफभाई लकव्यानं पडून होते. आणि लोह्याकडची दीपमाला.

दीपमालाचा नवरा वैजनाथ पुण्याकडं कंपनीत. मूलबाळ नाही. घरात ती आणि सासू, केवळाबाई. केवळाबाईंचं उजवं अंग गेलेलं. वाचाही गेलेली. आम्ही ग्रुपवर आलो त्याच्या कितीतरी आधीच गेलेली.

म्हणजे त्यांचा आवाज आम्ही कधीच ऐकला नव्हता. हे लक्षात ठेवा.

रोज दुपारी पेशंट झोपले की आम्ही व्हिडिओ कॉल लावायचो. फोन फळीवर टेकवून ठेवायचा आणि आपापलं काम करायचं. आपा शिलाई करायची, मी भाजी निवडायचे. एकमेकींना प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो, पण एकमेकींच्या घरातला तो एक कोपरा पाठ झाला होता.

दीपमालाच्या मागं लोखंडी कॉट दिसायची. त्यावर केवळाबाईंचे पाय.

त्यांना काही हवं असलं की त्या डाव्या हातानं चमचा कॉटच्या पाईपवर आपटायच्या.

टण... टण...

"आले आत्या, आले," म्हणत दीपमाला उठायची.

आम्ही पण त्यांना हाक मारायचो. "आत्या, जेवलात का?" मग एक टण यायचा. आमचं सगळं बोलणं त्या पडल्या पडल्या ऐकायच्या.

उन्हाळा लागला आणि केवळाबाई गेल्या. झोपेतच.

दिवस झाले. वैजनाथ परत कामावर गेला. कॉट कुणाला तरी देऊन टाकली. दीपमालानं ग्रुपवर लिहिलं, "आता माझ्या घरी पेशंट न्हाई. तरी मला काढू नका."

कोण काढणार होतं तिला?

ती परत दुपारच्या कॉलवर यायला लागली. तिच्या मागं आता नुसती भिंत दिसायची. काम नसल्यासारखी ती बसून राहायची. "घर लई मोठं झालंय," म्हणायची.

एक दिवस असंच बोलत होतो आणि...

टण... टण...

आपानं मशीन थांबवली. "कुणाचा पेशंट उठला?"

मी बाबांच्या खोलीत बघून आले. ते झोपलेले. हनीफभाई पण झोपलेले.

"दीपमाला, तुझा आवाज बंद कर जरा," आपा म्हणाली.

तिनं बंद केला.

आवाज थांबला.

तिनं परत चालू केला.

टण...

दीपमाला उठली. सवयीनंच उठली असावी. "आले आत्या," म्हणाली आणि भिंतीच्या कडेला, आम्हाला दिसत नव्हतं तिकडं गेली.

बराच वेळ नुसती भिंत दिसत राहिली.

परत आली तेव्हा हात ओले होते. पदराला पुसत ती म्हणाली, "हां, काय म्हणत होतीस आपा?"



त्यानंतर तो आवाज रोज यायला लागला. आणि दीपमाला बदलली. वेणी घालायला लागली, हसायला लागली. एकदा ती ज्वारीच्या कण्या शिजवत होती. अगदी पातळ, चमच्यानं पाजता येतील अशा.

"कुणासाठी करून राहिलीस गं?" मी विचारलं.

"कुणासाठी म्हणजे?" ती माझ्याकडं बघतच राहिली.

आपानं तिला समजावलं. "दीपमाला, एकटी नको राहू बाई. थोडे दिवस माहेरी जा. हिमायतनगरला भाऊ आहे ना तुझा."

"जाईन की. पण मग आत्यांकडं कोण बघणार?"

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. दूध उतू जाईल म्हणावं, तसं.

मी वैजनाथला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आई गेल्यापासून ती जरा तशीच हाय. सुट्टी मिळाली की येतो."

मग एक दिवस दीपमाला कॉलवर आली नाही.

दुसऱ्या दिवशी पण नाही. मेसेज नाही. फोन वाजायचा, कुणी उचलायचं नाही. आम्हाला वाटलं, गेली असेल माहेरी. खरं सांगते, बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांना जेवू घालून हात धूत होते. फोन वाजला.

ग्रुप कॉल. दीपमालाच्या नंबरवरून.

मी उचलला. आपानं पण उचलला.

समोर तीच भिंत. तोच कोपरा. फोन नेहमीसारखा फळीवर टेकवलेला. पण माणूस नाही.

"दीपमाला?"

आपानं पण हाक मारली.

"अगं दीपमाला, कुठं आहेस?"

चमचा वाजला. पण पाईपवर नाही... वाटीवर. कण्या ढवळताना वाजतो तसा.

मग कुणीतरी गिळल्याचा आवाज.

मग घशातून आलेलं एक कण्हणं. ते दीपमालाचं होतं. ओळखू आलं.

आणि मग दुसरा आवाज आला.

म्हातारा. जाड. फार दिवसांनी तोंड उघडल्यासारखा.

"पी..."

मी आपाकडं बघितलं. आपा माझ्याकडं.

"पी गं बाई. घोटभर."

कॉल बंद झाला.

माझे हात ओलेच होते. पुसायचं सुचलं नाही. लगेच आपाचा फोन आला.

"दामिनी, तू ऐकलंस?"

"हाव."

"तिच्या घरी दुसरं कुणी आहे का?"

"न्हाई आपा."

 मग म्हणाली, "निघ. मी पण निघते. लोह्याच्या स्टँडवर भेट."

राजशेखरला दुकानातून बोलावून बाबांजवळ बसवलं. मिळेल ती नांदेडची एसटी धरली. अहमदपूर गेलं तरी माझ्या कानात तो आवाज होता. वाटभर मी एकच गोष्ट मनाशी म्हणत होते. शेजारची एखादी म्हातारी असेल. शेजारचीच असेल.

स्टँडवर आपा तिचा भाऊ यासेर आणि त्याची ऑटो घेऊन उभी होती. इतक्या दिवसांची मैत्रीण, पहिल्यांदा समोर बघत होते. वाटलं होतं त्यापेक्षा बुटकी निघाली. तिनं माझा हात धरला, तो गावात पोचेपर्यंत सोडला नाही.

दिवस अजून मावळला नव्हता. दीपमालाचं घर गावाच्या कडेला. दार आतून बंद.

शेजारी रामकिशनमामा म्हणून आहेत, ते आले. "दोन-तीन दिस झाले, दार बंदच हाय. आमाला वाटलं माहेराला गेली."

"मामा, तुमच्यापैकी कुणी म्हातारं माणूस आज हिच्याकडं आलं होतं का?" मी विचारलं.

"आमच्या घरी म्हातारा मीच हाय, पोरी."

यासेरनं खांदा लावून दार ढकललं. आतली कडी निघाली.

आत उकाडा नव्हता.

बाहेर अंग भाजत होतं आणि आत... आजाऱ्याच्या खोलीत ओल्या फडक्यांचा गारवा असतो ना, तसा गारवा होता. डेटॉलचा वास होता.

दीपमाला खाली होती. कॉट जिथं असायची, बरोबर तिथं.

ती पडलेली नव्हती. तिला नीट निजवलेलं होतं.

घडी घातलेली गोधडी. डाव्या कुशीवर वळवलेली. पाठीला उशीचा टेका. दोन गुडघ्यांच्या मधे दुमडलेलं फडकं. हनुवटीखाली टॉवेल. केसांना तेल लावून वेणी घातलेली.

आम्ही ग्रुपवर शिकवतो, अगदी तसं.

तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. उजवा हात मेलेला. डोळे मात्र उघडे. आम्हाला बघून त्यातून पाणी वाहायला लागलं.

आपा खाली बसली. तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग शेजारची वाटी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"कोमट आहे," ती हळूच म्हणाली.

फोन वर फळीवर होता. निजलेल्या माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर.

आम्ही तिला ऑटोत घालून नांदेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं. लकवा. येऊन दोन दिवस तरी झाले होते.

"लगेच आणलं असतं तर हात वाचवता आला असता," डॉक्टर म्हणाले. मग जरा रागानंच विचारलं, "घरी कोण होतं यांच्याजवळ?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"असं कसं? पाठीला साधा लालसर डाग नाही. अंगात पाणी कमी झालेलं नाही. कुणीतरी कूस बदलत होतं, पाजत होतं. इतकं सगळं केलं, मग दवाखान्यात का नाही आणलं?"



रात्री वैजनाथ आला. बायकोचे पाय धरून रडला. आम्ही त्याला ऐकलेलं सगळं सांगितलं.  मग त्यानं विचारलं, "माझ्या आईचा आवाज कसा होता, सांगा बरं."

आपानं सांगितलं. जाड. "बाई" म्हणताना जरा ओढणारा.

वैजनाथ उठून बाहेर गेला. ते घर त्यानं परत उघडलं नाही.

दीपमाला आता भावाकडं हिमायतनगरला असते. भावजय करते तिचं. चांगलं करते. हळूहळू थोडी वाचा आली. दिवाळीनंतर मी आणि आपा तिला बघायला गेलो.

विचारू नये असं ठरवून गेलो होतो. पण तीच बोलली. तुटक तुटक, मधे मधे दम घेत.

"मी पडले... तर त्या आल्या. म्हणल्या, तू लई केलंस माझं. आता निज. आता मी करते."

आपानं तिचा हात धरला.

"मी म्हणलं, आत्या, मला दवाखान्यात जाऊ द्या. बोलता येत नव्हतं, पण मनात म्हणलं. त्यांना कळलं. म्हणल्या... दवाखाना कशाला? मी हाय ना."

"मग फोन कुणी लावला गं?" मी विचारलं.

दीपमाला दाराकडं बघायला लागली.

"त्यांनीच."

"आम्हाला बोलवायला?"

तिनं मान हलवली. नाही.

"दाखवायला," ती म्हणाली. "तुम्ही रोज सांगायच्या ना... असं करा, तसं करा. त्या ऐकायच्या. तुम्हाला दाखवायचं होतं त्यांना. किती नीट करून राहिल्या ते."



ग्रुप अजून आहे. नवीन बायका येतात, विचारतात, आम्ही सांगतो. पण दुपारचा कॉल आम्ही बंद केला. माझे बाबा पलीकडच्या खोलीत असतात आणि त्यांचे कान तिखट आहेत.

परवा त्यांची कूस बदलत होते. माझी कंबर धरली, म्हणून जरा थांबले. बाबा मायेनं माझ्याकडं बघत होते.

"दामे, किती करतीस गं माझं," ते म्हणाले. "तू पडलीस तर तुझं कोण करणार?"

मी म्हणाले, "बघू तेव्हाचं तेव्हा."

"बघायचं काय त्यात?" बाबा म्हणाले. "मी करीन की."