फुंकून बघायचं राहिलेलं इंजिन

रचून सांगणं मला जमत नाही. मला बिघडलेलं जुळवता येतं, नसलेलं नाही. त्यामुळे जे घडलं ते तसंच लिहितेय. पटलं तर घ्या.

आणि आधीच सांगते, यात अमावस्येची रात्र नाही, पैंजणांचा आवाज नाही. पांढऱ्या कपड्यांतली बाई तर नाहीच नाही.

भर दुपार होती.

आमच्या दोन खोल्या, खाली सायकलचं दुकान. तिथला हवेचा पंप दिवसभर फुसफुसत असतो. बाहेरच्या खोलीत खिडकीशी कामाचं टेबल, आतल्या खोलीत पलंग. मधलं दार कायम उघडं.

पलंगावर हे. म्हणजे माझे यजमान.

ह्यांचं काम छोट्या इंजिनांचं. खेळण्यातली म्हणा हवं तर, पण ह्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. तळहातावर मावतील अशी पितळेची, वाफेवर चालणारी, पणजोबांच्या वेळची इंजिनं. खाली स्पिरिटचा दिवा लावला की इवल्याशा बॉयलरमध्ये पाणी उकळतं आणि चाक फिरायला लागतं. लोक माळ्यावरून काढून आणायचे, काजळी आणि मेलेल्या झुरळांसकट. हे ती पुन्हा चालती करायचे.

मी शिकले ती टॉर्च धरता धरता. ह्यांचे दोन्ही हात कामात, म्हणून उजेड माझ्याकडे. आणि टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं. हे मला 'टॉर्चवाली'च म्हणायचे. पुढे ह्यांचा हात कापायला लागला, तेव्हा टॉर्च कोनाड्यात गेला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात आला.

ह्यांचा एक नियम होता. इंजिन साफ झालं, जुळलं, तरी लगेच दिवा लावायचा नाही. आधी रबरी नळी लावून तोंडाने फुंकायचं. फुंकरीवर चाक फिरलं, तरच ते वाफेवर फिरेल.

"आधी आपला श्वास, मग आग," म्हणायचे.

आमच्या घरातून गेलेल्या प्रत्येक इंजिनात पहिला श्वास ह्यांचा.

आणि आता ह्यांनाच श्वास पुरत नव्हता. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि त्या फोटोलाच सांगितलं, "घरी ठेवा. जपा."

तेव्हा टेबलावर होतं ते हिरवं इंजिन चौकातल्या फोटोवाल्याचं. त्याच्या काकांच्या माळ्यावर सापडलेलं. मी ते रॉकेलमध्ये भिजवलं, जुन्या टूथब्रशने घासलं, काडीला कापूस गुंडाळून भोकांतलं मेणासारखं झालेलं तेल काढलं. हिरव्या रंगाला मात्र हात लावला नाही. जुना रंग म्हणजे कातडी, ती सोलायची नसते.

त्या दुपारी ते जुळलं. नळी तोंडाला लावणार, तेवढ्यात आतून हाक आली.

"टॉर्चवाली, आण इकडे."

"काय आणू? पाणी?"

"इंजिन. मी फुंकतो."

"अहो, चहा फुंकताना धाप लागते तुम्हाला."

"चहा गरम असतो. हे गार आहे."



ट्रेमध्ये ठेवून नेलं. ह्यांच्या पाठीशी उशांची चवड. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून कित्येक महिने हे बसूनच झोपत होते. मी नळी ओठांत दिली. ह्यांनी डोळे मिटले. फुंकर कसली... झोपेत टाकलेल्या उसाशाएवढी हवा.

चाक हललं. अडखळलं.

आणि फिरलं.

"उलटं फिरतंय गं," हे हसले. "बाहेरच्या भोकाला लावलीस नळी."

खरंच की. या इंजिनाला शेजारी शेजारी दोन भोकं, एकाच मापाची. एकातून वाफ आत येते, दुसऱ्यातून वापरलेली बाहेर पडते. मी नेमकी दुसऱ्याला नळी लावली होती. आमच्या कामातली ही नेहमीची चूक. तिने काही बिघडत नाही, फक्त चाक उलटं फिरतं.

काही बिघडत नाही, असं तेव्हा मलाही वाटत होतं.

आम्ही हसलो. हसता हसता ह्यांना खोकला आला, नळी सुटली. मी ट्रे खाली ठेवून ह्यांची पाठ चोळली. खोकला थांबला. खोली शांत झाली.

नाही... शांत नाही झाली.

टिक्-टिक्... टिक्.

टिक्-टिक्... टिक्.

चाक फिरत होतं.

दिवा पेटवलेला नव्हता. बॉयलरमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. नळी जमिनीवर लोळत होती.

मी शिवणाचा दोरा नळीच्या तोंडाशी धरला. दोरा आत ओढला गेला. मग इंजिनाच्या मोकळ्या भोकाजवळ बोट नेलं. तिथून हवा बाहेर येत होती.

कोमट. ओलसर.

आणि तिला पुदिन्याचा वास होता. हे दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चघळायचे, त्यांचा.

मी मागे वळले. उशा ढासळल्या होत्या आणि हे चक्क आडवे, गाढ झोपले होते. छाती वर जात होती, खाली येत होती. दोन लहान, एक लांब. दोन लहान, एक लांब.

चाकासारखीच.

मी ट्रे उचलून टेबलावर ठेवला. चाकाला बोट लावायचा धीर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात ताई आल्या. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. सगळी नोकरी हॉस्पिटलात नर्स म्हणून. त्यांचा विश्वास देवापेक्षा थर्मामीटरवर.

"काय चारतेस गं त्याला? गालांवर रंग आलाय!" मग टेबलाकडे बघून म्हणाल्या, "आणि ती टिकटिक बंद कर आधी. डोकं उठलं माझं."

मी "नको" म्हणेपर्यंत त्यांनी चाकावर बोट ठेवलंसुद्धा.

हे आतून बोलत होते. "ताईला सांग, चहात साखर..."

वाक्य तिथेच तुटलं.

खोकला नाही. कण्हणं नाही. पलंगाची कुरकुर नाही.

काहीच नाही.

"ताई, बोट काढा!"

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. चाक आपलं आपण फिरायला लागलं.

"...कमीच घाल म्हणावं," हे आतून म्हणाले. जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

ताईंनी बोट रुमालाला पुसलं. पुन्हा पुन्हा पुसलं. आत जाऊन ह्यांची नाडी बघितली. मग टेबलाकडे पाठ करून बसल्या आणि साखर घालायचं विसरून चहा तसाच प्यायल्या.

त्यानंतर त्या टेबलाच्या बाजूला कधी फिरकल्या नाहीत.

मला बरं वाटायला हवं होतं. हे जेवत होते, थट्टा करत होते, माझ्या भाजीला नावं ठेवत होते. पण मी पडले इंजिनवाली. मला पुढचं दिसत होतं.

चाकाचा दांडा ज्या पितळी कड्यात फिरतो, त्याला बुश म्हणतात. जुनं पितळ मऊ असतं. सारखं फिरलं की ते झिजतं, भोक लांबट होतं आणि चाक डगमगायला लागतं. ही इंजिनं घटकाभर चालवून ठेवून द्यायची असतात. अखंड चालायला ती केलेलीच नाहीत.

मी शिलाई मशीनच्या कुपीने तेल घालत राहिले. भाजी आणायला गेले तर पळत परत. अंघोळ अर्धवट टाकून तेल. तेल सुकलं की चाक कुरकुरायचं... आणि आत ह्यांच्या छातीत शिट्टी वाजायची.

शेवटी ठोका सुरू झालाच. टिक्-ठक्. टिक्-ठक्.

ह्यांनी पडल्या पडल्या ओळखलं. "बुश गेला गं."

"हो."

"बदल मग."

"बदलते. सवडीने."

"नवा केलायस?"

केला होता. नेऊन ह्यांच्या तळहातावर ठेवला. हे तो नखाने चाचपत राहिले. "छान झालाय. माझ्यापेक्षा बरा."

इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्या कामाला बरं म्हटल्याचं मला आठवत नाही.

बुश बदलणं म्हणजे चहा उकळेपर्यंतचं काम.

फक्त त्यासाठी चाक थांबवावं लागतं.

हे छताकडे बघत म्हणाले, "ठोके खात चाललं की एक दिवस चाक उडतं. दांडा वाकतो. त्यापेक्षा चालतंय तोवर हाताने थांबवावं, टॉर्चवाली. टेबलाचा नियमच आहे तो."

"टेबलाचा नियम टेबलावर. तुम्ही गप्प पडा."

मी बाहेर आले. चाकाजवळ बोट नेलं. मागे घेतलं.

आणि तेल घातलं.

दुसरं काय करणार होते? थांबवणं हातून होत नव्हतं, चालू ठेवणं हातात नव्हतं. नवा बुश खिशात घालून मी झिजत चाललेल्या बुशाकडे बघत बसायचे.

मग एका दुपारी मी कुपी भरत होते. टिक्-ठक्. टिक्-ठक्.

मग एक मोठा ठक्.

चाक दांड्यासकट निसटलं. टेबलावर गरगरत कडेपर्यंत गेलं... आणि आडवं झालं.

मी लगेच आत गेले नाही. जोवर टेबलाशी उभी होते, तोवर आत काही घडलं नव्हतं.

ताईंनी येऊन ह्यांचे डोळे मिटले.

पुढे कितीतरी दिवसांनी मी टेबलाशी बसले. काम ते काम. फोटोवाल्याचं इंजिन परत द्यायला हवं होतं. दांडा सरळ केला. नवा बुश बसवला. या वेळी नळी बरोबर भोकाला लावली, पुन्हा पुन्हा बघून. राहिला नियम. नळी ओठांत धरली, छाती भरून घेतली...

मी फुंकण्याआधीच माझ्या तोंडात हवा आली.

कोमट. ओलसर. पुदिन्याची.

चाक हललंसुद्धा नव्हतं.

मी नळी चिमटीत दाबली आणि तिला कपड्यांचा चिमटा लावला. का, ते विचारू नका. दूध उतू जाताना हात आपोआप पुढे जातो ना, तसं झालं.

इंजिन अजून टेबलावरच आहे. फोटोवाला अधूनमधून दारातून डोकावतो.

"काकू, झालं का?"

"झालंय रे. फुंकून बघायचं तेवढं राहिलंय."

ताईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाल्या, "काढ गं तो चिमटा. जाऊ दे त्याला."

काढला असता. पण आत किती उरलाय, मला काय ठाऊक? एकच श्वास असला तर? आणि नियमाप्रमाणे फुंकायचं म्हटलं, तर माझा श्वास आत ढकलून ह्यांना कुठे घालवू?

आत्ता लिहितानाही ते समोर आहे. दुपारच आहे. खालचा पंप बंद झालाय, त्यामुळे घरात अगदी शांत आहे.

चिमट्याच्या माझ्या बाजूला नळी सपाट पडलीय.

पलीकडे, इंजिनाच्या बाजूला...

ती हळूहळू फुगते.

थांबते.

आणि बसते.