शेवटचं एक बोट

मंदे, त्या शेंगा ठेव बाजूले अन् फक्त ऐक! मधात बोलू नको.

दिवाळीनंतर आमची बकरी सुटली ना, ते थेट व्यायामशाळेत घुसली. तिथल्या मातीवर बायांनी पाय ठेवाचा नसते, तुले तं माईतच हाय. मी दारातच थांबली. पाह्यते तं काय — एक पोट्टा दोन हातांवर उलटा उभा, पाय वर आढ्याकडे, अन् आमची बकरी त्याच्या कपाळाचा घाम चाटून राह्यली!

"बकरी तुमची काय?" त्यानं उलट्या तोंडानंच विचारलं.

"हो."

"मंग न्या ना! गुदगुल्या होऊन राह्यल्या मले."

"मले आत येता येत नाई. तुमीच उतरा."

"उतरलो तं वस्ताद पुन्हा पह्यल्यापासून कराले लावतीन."

मले हसू आलं... अन् तो धपकन् पडला.

चंद्रभान नाव त्याचं. कापसाच्या जिनिंगवर कामाले हाय. एका हातावर उभं राह्याचं होतं त्याले. मंग काय, माझं पाणी आणणं रोज त्याच रस्त्यानं! तो आत, मी दारात. तो आधी पाय फाकवते, सारं वजन एका खांद्यावर नेते, मंग दुसऱ्या हाताची बोटं एकेक सोडते. चार सुटत. अंगठ्याजवळचं एक काही केल्या माती सोडेना.

"काऊन सोडत नाई ते?"

"भेव वाटते त्याले."

"त्याले, का तुमाले?"

तो लाजला, मंदे... उलटं माणूस आधीच लाल असते, तरी मले समजलं.

अन् अशात जाम गावचे लोक मले पाहाले येणार म्हणून ठरलं. चौकात दुकान हाय त्यायचं. मी दारातूनच सांगतलं. तो खाली उतरला, हात झटकले, मातीकडे पाहत राह्यला.

"तू मले आवडते," म्हणे. पह्यल्यांदाच 'तू'! "पण तानबा वस्तादाचा नेम हाय... धरलं ते साधल्याबिगर लग्नाची गोष्ट काढाची नाई. शब्द देल्ला हाय म्या."

"अजून किती दिवस?"

"वर्स... दोन बी लागतीन."

"अन् शब्द मोडला तं?"

"तू म्हणशीन तं मोडतो. आत्ता येतो तुह्या बाबाकडे."

आला असता गं, खरंच. पण वस्तादापुढं मान खाली घालून राह्यला असता जन्मभर... माझ्यापायी.

मी म्हणलं, "नको येऊ. तू पुन्हा हातावर वर जा."

घरी बाबा रेडिओवर कापसाचे भाव ऐकत होते.

"बाबा, जामवाल्याइले येऊ नका म्हणा."

"काऊन वं?"

"एक पोट्टा हाय. तो येईन विचाराले."

"मंग आजच काऊन नाई आला?"

"त्याचं एक बोट अजून मातीवर हाय."

बाबानं रेडिओच बंद केला! आईनं कपाळाले हात लावला. जामले निरोप गेला, पण बाबा माझ्याशी बोलणंच सोडून बसले. ताटावर बसत अन् उठून जात. मले वाटलं, संपलं सारं.

अन् काल जेवता जेवता, भाकरीकडे पाहतच, हळूच म्हणे — "कोणतं बोट?"

मंदे, दोन वर्स म्हणजे लय होते ना गं... सांग, तू असती तं तुनं त्याले बोलावलं असतं, का थांबली असती?