अर्धपोटी रातकिडे

“कोळीवाल्याच्या हाती रातकिडे सोपवायचे नसतात,” तिच्या गाइड मॅडम म्हणाल्या होत्या. तिने ते हसण्यावारी नेलं. ताई आजारी, पंधरा दिवस घरी जाणं भाग होतं, आणि प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर कोळी पाळणारा लंबू आपणहून म्हणाला होता, “मी बघतो. माझ्या कोळ्यांना एकही खाऊ देणार नाही, शप्पथ!”

परत येऊन बघते तर रातकिडे सगळे जागेवर. उलट... जरा जास्तच मजेत.

तिचा प्रयोग साधा होता. काही माद्यांना पिल्लं असल्यापासून पोटभर खाणं, काहींना अर्धंच. पोटभरवाल्या अंगाने थोराड झाल्या, ओल्या वाळूत ढीगभर अंडी घालू लागल्या. अर्धपोटी होत्या त्या बारक्या राहिल्या, अंडीही मोजकीच. आज बारक्यांच्या डब्यातली वाळू चाळली, तर अंडीच अंडी!

अंग मात्र तेवढंच. शेवटची कात टाकली की रातकिडा वाढत नाही. अंगाचं माप लहानपणीच ठरून जातं. पण अंडी... ती आजच्या खाण्यावरही असतात.

तिने मान वर केली. लंबू कोळ्यांच्या बरणीत जवळजवळ डोकं खुपसून बसला होता.

“काय घातलंस यांना?”

“कुणाला?”

“सोंग नकोय. अख्ख्या मोसमाची मेहनत पाण्यात गेली माझी!”

“थोडंसंच... रोज.” त्याचे कान लाल झाले. “त्या बघायच्या गं माझ्याकडे.”

“रातकिडे? बघायचे?”

“मिशा हलवून.”

तिला हसू आलं नाही. म्हणजे, तिने येऊ दिलं नाही.

“तूही दुपारची जेवत नाहीस,” तो बरणीलाच सांगितल्यासारखा म्हणाला. “वर्षभर बघतोय. तुला विचारायचा धीर होईना — मग त्यांना दिलं.”

“मूर्ख आहेस,” ती म्हणाली. आणि स्टूल त्याच्या टेबलाशी ओढत, “तुझ्या डब्यात काय आणलंयस जेवायला?”

प्रयोग पहिल्यापासून करावा लागला. पदवी लांबली. मॅडमनी दोघांनाही यथेच्छ झापलं. फक्त या खेपेला बारक्यांचा एक गट वाढला: लहानपणी अर्धपोटी, मोठेपणी पोटभर. त्यांना भरवायचं काम लंबूने मागून घेतलं.

आता दोघांचं लग्न होऊन घरात तान्हं बाळ आहे. येणारा-जाणारा बाळाचे गाल बघतो, वजन विचारतो. लंबू तेवढा चपला काढता काढता विचारतो, “जेवलीस?”

प्रत्येकीच्या घरी असा लंबू असतोच असं नाही. तुमच्या जिन्यात कुणी नवी आई असेल, तर आजच दार वाजवा. बाळ नंतर बघा. आधी तिला विचारा.