चिपळीवरचे चार टिळे

"चव्वेचाळीस किलो तीनशे ग्रॅम!" काट्याजवळचा माणूस ओरडला.

"शक्यच नाही!" दोरीच्या अलीकडून यामिनी त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. "गुरुवारी अडतीस किलो भरली होती! आम्ही तीनदा वजन केलंय!"

"काटा खोटं बोलत नाही, मुली," वहीतून मान वर न करता पद्मनाभ सर म्हणाले. ते या शिडबोट क्लबचे सचिव. "हलक्या बोटींचा गट. चाळीस किलोच्या आत. तुमची बोट बाद! उचला आणि चालू लागा. पुढची कोण?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. तो संकेत होता. शोळिंगनल्लूरच्या उंच इमारतीत राहणारा, परदेशातून आणलेली पांढरीशुभ्र फायबरची बोट मिरवणारा.

"मी सांगत होतो ना," तो मुद्दाम मराठीत बोलला, म्हणजे यामिनीला चांगलं झोंबेल. "प्लायवूडची बोट नसते गं, कपाट असतं! त्यात कपडे ठेवा!"

"तुझी जीभ ठेवते त्यात, चालेल?"

"यामिनी, बास!" कनकानं तिचा दंड धरला. 

चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर सगळी भांडणं तमिळमध्ये होतात. हेही बहुतेक तसंच झालं. आपल्या सोयीसाठी ते मराठीत सांगायचं, इतकंच.

कनकाचं घर क्लबच्या भिंतीला लागून होतं. तिचे अप्पा, म्हणजे वडील, मासेमारीला जात, आणि ती वारा बघून नव्हे, नुसता अंगावर घेऊन सांगे की आता कुठून येणार. तरी जन्मात कधी तिनं त्या भिंतीपलीकडे पाय ठेवला नव्हता. फाटकावर पाटी होती: फक्त बोटधारकांसाठी. या शर्यतीत पहिल्या तीन आलेल्या जोड्यांना वर्षभर इथं शिकायला मिळणार होतं. अट एकच, वय चौदाच्या आत हवं. कनकाला जूनमध्ये चौदा वर्षं पुरी होणार होती. म्हणजे हीच संधी, आणि शेवटची!

म्हणून तर यामिनी आणि श्रीवत्स यांनी अख्खी मे महिन्याची सुट्टी घामात बुडवली होती. यामिनीचे बाबा नाशिकहून चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात बदलून आलेले. श्रीवत्स तिच्या खालच्या मजल्यावरचा, जुन्या तंजावरी मराठी घरातला. आणि बोट बांधणारे खरे गुरू म्हणजे त्याचे ताता, गिरिधरराव. ताता म्हणजे आजोबा. छत्तीस वर्षं बंदराच्या वर्कशॉपात सुतारकाम केलेले, आणि संध्याकाळी चिपळ्या हातात घेऊन उभे राहिले की समोरच्याला जागचं हलू न देणारे हरिदास!

अड्यारच्या त्या इमारतीखाली, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत बोट बांधली गेली. चार मिलिमीटरच्या पातळ मरीन प्लायच्या फळ्या कापायच्या. काठाला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं गोधडीसारख्या शिवायच्या. मग शिवणीत लाकडाच्या भुशात कालवलेलं इपॉक्सी, म्हणजे पक्कं चिकटणारं रसायन, भरायचं आणि वर काचेच्या कापडाची पट्टी बसवायची. दोन भांड्यांतलं रसायन एकत्र ढवळायला घड्याळ नव्हतं. "एक पद म्हणून होईपर्यंत ढवळायचं!" हा तातांचा नियम. एकदा श्रीवत्सला गाण्याचा भलताच हुरूप आला आणि त्यानं तेच पद तीनदा म्हटलं. चेन्नईचं ऊन! मगातून धूर निघाला आणि वरच्या विद्युलताबाई अग्निशामक दलाला बोलवायला निघाल्या. वासाबद्दल त्यांची तक्रार तर रोजचीच होती.

बोट पुरी झाली तेव्हा तातांनी तिच्यावर चिपळी वाजवून पाहिली होती. नाकापासून शेपटापर्यंत सगळीकडून ठण्ण! म्हणून तिचं नावच 'चिपळी' ठेवलं.

आणि आता ती बाद!

तिघांनी बोट काट्यावरून उचलली. दोन पावलं गेली नाहीत तोच श्रीवत्स थबकला.

"थांबा! ऐकलंत?"

डुचुक. डुचुक.

आवाज पुढच्या बाजूनं येत होता. नाकाच्या आतली जागा चारी बाजूंनी बंद होती. ती हवेची पेटी. बोट उलटली तरी बुडू नये म्हणून. तिच्या मागच्या भिंतीला एक आटे असलेलं झाकण होतं. यामिनीनं ते फिरवलं, तिघांनी बोट तिरपी केली, आणि भळाभळा पाणी बाहेर आलं. सहा लिटर तरी असेल!

"अय्यो!" श्रीवत्स म्हणाला.

"अय्यो काय, अय्यो!" यामिनी त्याच्यावर उसळली. "पुढची शिवण कोणी भरली होती? तू! गात बसला होतास ना? गळतेय ती!"

"मी नीट भरली होती!"

"मग पाणी काय आकाशातून पडलं? तुझ्यामुळं कनकाचं..." तिनं हातातलं झाकण वाळूत टाकलं.

श्रीवत्सचा चेहरा पडला. त्यानं झाकण उचललं आणि त्याची वाळू पुसत राहिला.

पाणी पाहून पद्मनाभ सर लांबूनच म्हणाले, "बघा! वजनाचं सोडा, ही तर गळकी! घरी बनवलेल्या बोटींचं हे असंच. अशी बोट मी समुद्रात सोडणार नाही. मुलं बुडाली तर जबाबदार कोण? या वर्षी नाही, पुढंही नाही! आणि ए मुली, तू तर फाटकाबाहेरच हो. बोट बाद, म्हणजे तू बोटधारक नाहीस."

कनका जागची हलली नाही. तिनं वाकून वाळूवरच्या ओघळात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

"खारं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"हे पाणी गोडं आहे, नळाचं! बुधवारी आपण तास दीड तास समुद्रात होतो, तेव्हा थेंब आला नाही. समुद्राचं पाणी आत गेलेलंच नाही. हे इथंच शिरलंय!"

यामिनीनं श्रीवत्सकडे पाहिलं. त्यानं मान फिरवली.

"नळाचं तर असणारच," संकेत आपल्या बोटीवर रेलून म्हणाला. काल त्यानं सगळं बघितलं होतं आणि ते सांगायचा मोह त्याला आवरेना. "काल फोटोनंतर सगळ्या बोटी पाइपनं धुतल्या. माझ्या बोटीवर तर प्रायोजकाची पाटी ठोकायला चार भोकं पाडली होती. तरी आत एक थेंब नाही! याला म्हणतात बोट. तुमचं कपाट नुसत्या अंघोळीनं..."

"काय म्हणालास?" तिघं एकदम ओरडले.

संकेत दचकला. "कपाट म्हणालो."

"त्याच्या आधी! भोकं?"

यामिनी धावतच त्याच्या बोटीकडे गेली. खरंच! पुढच्या पृष्ठभागावर स्क्रूची चार बारीक भोकं होती, लांबट चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. आत भरीव फोम असल्यानं त्या बोटीला त्याचं काही वाटलं नव्हतं. यामिनीनं खिशातला दोरा काढला, दोन भोकांमधलं अंतर मोजलं, गाठ मारली. मग आडवं मोजलं, दुसरी गाठ.

"ए, माझ्या बोटीला हात लावू नकोस!"

"लावला. काय करशील?"

ती चिपळीकडे परतली आणि जागीच थांबली. चिपळीवर भोकं नव्हती. चंदनाचे पिवळे ठिपके होते, आणि प्रत्येकाच्या मध्ये लाल कुंकू. तसं त्यात काही नवल नव्हतं. चेन्नईत नव्या स्कूटरपासून फ्रिजपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं.

"हे टिळे तातांनी लावले ना?" तिनं विचारलं.

"मला वाटलं कनकाच्या अप्पांनी," श्रीवत्स इतक्या वेळानं प्रथमच बोलला.

"अप्पांनी? छे! मला वाटलं यामिनीच्या आईनं."

 टिळे चार होते. यामिनीनं दोरा धरला. गाठ बरोबर एका टिळ्यावरून दुसऱ्यावर आली. आडवी गाठसुद्धा!

"पुसू?" ती कुजबुजली. तिच्या हाताचं बोट कुंकवापर्यंत गेलं आणि तिथंच राहिलं. देवाचं लेणं असं कसं पुसायचं?

"म्हणूनच तर लावलेत!" श्रीवत्स म्हणाला. त्याचे डोळे चमकले. "कोणी पुसणार नाही म्हणून! थांब. असं गुपचूप नको पुसायला. सगळ्यांसमोर! मी तातांना आणतो. कनका, तू मोठ्या मॅडमना गाठ. आणि यामिनी, तू साबणाचं पाणी कर."

"मी?"

"हो, तू! शिवण गळते की नाही, तूच बघ आता."

मोठ्या मॅडम म्हणजे शर्यतीच्या मुख्य पंच, कृष्णवेणी. उन्हानं रापलेला चेहरा आणि कमीत कमी शब्द. कनकानं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण त्या आल्या. मागून पद्मनाभ सर आले, तावातावानं.

"मॅडम, मी निकाल दिलेला आहे! ही मुलं उद्धट आहेत, आणि ही मच्छीमाराची पोर तर..."

"तर काय?" कृष्णवेणींनी विचारलं. सरांनी वही चाळायला घेतली.

"सर," यामिनी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "आमची बोट इथं आल्यावर तिला क्लबच्या कोणी हात लावला होता?"

"मुळीच नाही!"

"पाटी ठोकली नाही?"

"घरगुती बोटीवर प्रायोजक पाटी कशाला लावेल?"

"मग हे चार टिळे कोणी लावले?"

"तुमच्या आजोबांनीच!" सर ठासून म्हणाले. "गुरुवारी इथं पूजा केली त्यांनी, मी स्वतः पाहिलं."

गर्दीतून वाट काढत ताता पुढं आले. पांढरं धोतर, कपाळावर काळा टिळा. त्यांनी कमरेची लहानशी डबी काढली, उघडली आणि कृष्णवेणींसमोर धरली. आत काळा सुवासिक बुक्का होता.

"अम्मा, मी विठोबाचा दास," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या हातून टिळा लागतो तो बुक्क्याचा. आणि एकच. तो हा पाहा, अगदी नाकावर. हे चार माझे नव्हेत."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. बोटीच्या टोकाला काळा ठिपका होता. एकच.

"म्हणजे पुसून पाहायला हरकत नाही," कृष्णवेणी म्हणाल्या.

"काय करता काय!" पद्मनाभ सरांचा आवाज चिरकला. "पूजेचं कुंकू पुसणार? देवाधर्माची काही चाड?"

तातांचा आवाज कीर्तनात चढतो तसा चढला. "देवाची चाड आम्हांला शिकवता? कुंकू देवाला वाहतात, सर! आपली चूक बुजवायला नाही वापरत!"

आणि त्यांनी उपरण्याच्या टोकानं चारही टिळे स्वतःच पुसले. खाली पांढऱ्या लांबीचे, म्हणजे भोकं बुजवायच्या लुकणाचे, चार गोल दिसले. रंगही नीट जुळवलेला नव्हता.

"ही... ही लांबी त्यांचीच असेल," सर पुटपुटले. "गळते ती शिवण."

"मग शिवणीलाच विचारू!" श्रीवत्स म्हणाला.

यामिनीनं साबणाचं पाणी अख्ख्या पुढच्या भागावर फासलं. श्रीवत्सनं झाकणाच्या जागी चिंध्या गुंडाळून रबरी नळी घट्ट बसवली आणि दुसरं टोक कनकाच्या हाती दिलं. पाण्याखाली श्वास धरणारी ती! तिच्या छातीइतका भाता कोणाकडे होता?

"हळू गं," ताता म्हणाले. "दाब वाढवशील तर चांगली शिवण उसवशील."

कनकानं फुंकलं. सगळ्यांचे डोळे शिवणीवर. एक सेकंद, दोन, पाच... शिवणीवर एक बुडबुडा नाही! आणि मग जिथं लांबीचे गोल होते तिथं फुर्र करून फेस उठला. एक, दोन, तीन, चार! साबणाच्या बुडबुड्यांचा नेटका लांबट चौकोन. यामिनीनं वर दोरा धरला. गाठी जुळल्या.

"माझ्या बोटीवर पण हाच चौकोन आहे," गर्दीतून आवाज आला. संकेत! आपण काय बोललो हे कळून तो स्वतःच वैतागला. "काय बघताय? खरं ते खरं. पाट्या सरांनीच ठोकायला लावल्या. यांच्या कपाटावरसुद्धा."

पद्मनाभ सरांना मग सगळं सांगावंच लागलं. सगळ्या बोटी भरीव असतात असं धरून त्यांनी सरसकट पाट्या ठोकायला सांगितलं होतं. फोटोनंतर पाट्या काढल्या, धुताना उघड्या भोकांतून पाणी आत शिरलं, आणि ही बोट पोकळ हे तेव्हा कुठं लक्षात आलं. चूक कबूल करण्यापेक्षा लांबी भरणं सोपं वाटलं. आणि लांबीवर चंदन-कुंकू!

"मुलं बुडाली तर जबाबदार कोण, असं तुम्हीच विचारलं होतंत ना?" कृष्णवेणी थंडपणे म्हणाल्या. "उत्तर मिळालं. वही इकडे द्या. आजच्या शर्यतीचं काम तुम्ही पाहणार नाही." मग त्या तातांकडे वळल्या. "तीन वाजता सुरुवात. तोवर भोकं बुजतील?"

"या उन्हात? इपॉक्सी धूर काढायच्या आत बुजतील!"

यामिनी भांडं घेऊन श्रीवत्सजवळ गेली. "शिवण तुझी चांगली होती," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मी उगाच बोलले."

"खूप उगाच," तो म्हणाला. मग ढवळायची काडी तिच्या हातात दिली. "ढवळ. पद मी म्हणतो. एकदाच!"

काट्यावर चिपळी पुन्हा चढली. अडतीस किलो दोनशे ग्रॅम. दोनशे ग्रॅम नव्या इपॉक्सीचे.

शर्यतीत सुकाणूवर कनका होती आणि शिडाच्या दोरीवर यामिनी. पहिल्या वळणाला संकेतनं त्यांची वाट अडवली, दुसऱ्या वळणाला त्यांनी त्याची. "कपाट येतंय, बाजूला हो!" यामिनी किंचाळली. अखेर संकेत दुसरा आला आणि चिपळी तिसरी, त्याच्या एका बोटीइतकीच मागं. पण तिसरी म्हणजेही पहिल्या तिनांत!

"अशा हलक्या, अशा कडक बोटी मी किनाऱ्यावर फार थोड्या पाहिल्या," कृष्णवेणी म्हणाल्या, आणि इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. "आणि बोटीपेक्षा बांधणारे पक्के. शाबास!"

पद्मनाभ सर बाजूला उभे होते. ताता त्यांच्यापाशी गेले. आता चांगली कानउघाडणी होणार म्हणून श्रीवत्स सरसावला. पण तातांनी डबी उघडून त्यांच्या कपाळाला बुक्का लावला.

"उद्या संध्याकाळी माझं कीर्तन आहे," ते म्हणाले. "पहिल्या ओळीत बसायचं. चूक लपवली की ती कशी वजनानं वाढते, हाच विषय!"

 सरांनी मान डोलावली, आणि टिळा पुसला नाही.

सामान टेम्पोत चढत होतं. कनका मात्र दिसेना.

"ती बघ," श्रीवत्सनं दाखवलं.

कनका फाटकातून बाहेर गेली. 'फक्त बोटधारकांसाठी'च्या पाटीखाली क्षणभर थांबली. मग वळून सरळ आत आली. पहारेकऱ्यानं अडवलं नाही.

"काही विसरलीस का गं?" यामिनीनं हाक मारली.

"काही नाही!" कनका म्हणाली, आणि पुन्हा एकदा बाहेर जाऊन आत आली.