सहावा खुंट

आधीच सांगतो, जेवता जेवता मोबाईल बघायची सवय असेल तर हे आत्ता वाचू नका.

हे माझ्यासोबत घडलंय. मित्राच्या मित्रासोबत नाही. रात्री, अमावास्येला वगैरे तर अजिबात नाही. गेल्या उन्हाळ्यात, भरदुपारी, लाकडाच्या वखारीत, चार माणसं सावलीत डबे खात बसलेली असताना घडलंय.

मी वेल्डर आहे. छोटंसं वर्कशॉप आहे माझं. माझे दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, ट्रक चालवतात. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीवर जंगलातून ओंडके वाहिले. गेल्या वर्षी ठरवलं, आता स्वतःची गाडी. त्यासाठी ताईने आपली शिवणयंत्रं विकली. गाडी चालली तरच घर चालणार होतं.

ट्रक निवडताना दाजी इतके चोखंदळ, की सून बघायला गेलेली सासू परवडली. इंजिनला कान लावून बसले. भरल्या गाडीने चढावर मागे सरकता कामा नये, म्हणून खालचा गिअर पुन्हा पुन्हा टाकून पाहिला. चासीखाली आडवे होऊन बॅटरीच्या उजेडात तडे शोधले. तीन गाड्या नाकारल्या. चौथी घेतली, ती खरंच खणखणीत निघाली.

मग हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

ट्रेलर.

ट्रेलर घेताना त्यांना घाई झाली. जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडे गेलो. त्याला सगळे मामा म्हणायचे. तोंडात साखर, आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाकडे बघायची सवय.

ओंडक्यांच्या ट्रेलरला भिंती नसतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन लोखंडी खुंट असतात, खालच्या खोबणीत रोवलेले. त्यांच्यामध्ये ओंडके रचायचे. खुंटांच्याही वर ढीग गेला की साखळ्या टाकून आवळायचे.

या ट्रेलरचे पाच खुंट गंजलेले होते.

सहावा नवा कोरा.

"मामा, हा एकच का बदलला?" मी विचारलं.

"गंजला होता हो."

"मग बाकीचे पाच काय चांदीचे आहेत?"

मामा हसला. दाजींनी डोळे वटारून मला गप्प केलं.

पण मला वास आला होता... फिनाईलचा. लाकूड वाहायचा ट्रेलर फिनाईलने कोण धुतं? आणि त्या फिनाईलखाली आणखी एक वास होता. गोडसर. बंद घरात फ्रीज बिघडून आतलं मटण सडावं, तसा.

"दाजी, नको हा. आणि त्याच्या साखळ्या तर मुळीच नकोत. साखळ्या नव्या घ्या."

"साखळ्यांना काय धाड भरलीये? तुझं नाक म्हणजे पोलिसांचं कुत्रं आहे," दाजी म्हणाले आणि व्यवहार झाला.

ट्रेलर माझ्या वर्कशॉपमध्ये आला. खुंटांची बुडं पक्की करायची होती. पाच खुंट तासाभरात झाले. सहावा खोबणीतून निघेना. शेवटी जॅक लावला, तेव्हा तो चिखलातून पाय काढावा तसा पच्चकन बाहेर आला.

खोबण काठोकाठ भरलेली होती.

मी सळईने उकरायला लागलो. काळं, चिकट. आधी वाटलं ग्रीस आहे. ग्रीसला तार सुटत नाही. मग सालपटं आली. मग केस आले... लांबच लांब, एकमेकांत गुंतलेले. आणि सगळ्यात शेवटी शर्टाच्या बाहीचा तुकडा. बटण तसंच लावलेलं.

मी तिथेच ओकलो.

"एखादं जनावर अडकलं असेल," दाजी म्हणाले.

"जनावर बाह्यांची बटणं लावून फिरतं का?"

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. मामाला फोन लावला. फोन बंद. मी खोबणीत उकळतं पाणी ओतलं. गॅसने जाळली. जळक्या केसांचा वास माझ्या डब्यातल्या भातालाही लागला. रात्री मी स्वतःच्या हाताने खोबण कोरडी पुसून गेलो.

सकाळी ती पुन्हा ओली होती...

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या धंद्यात साखळी सैल करायच्या आधी विचारायची पद्धत आहे. साखळी आवळायच्या लीव्हरवरचा माणूस ओरडतो, "बाजू?" पलीकडचा माणूस बघून घेतो, लांब होतो आणि म्हणतो, "मोकळी." मगच लीव्हर सोडायचा. नाहीतर वरचे ओंडके गडगडत येतात आणि खाली जो असेल त्याचा चेंदामेंदा. जोडीला कुणी नसेल तर स्वतः फेरी मारून बघायचं. पण दाजींनी जन्मभर जोडीने काम केलेलं. उत्तर आलं की हात आपोआप चालायचा.

त्या दिवशी आम्ही दोन ओंडके ठेवून साखळी तपासत होतो. मी दाजींच्या शेजारीच उभा होतो. त्यांनी सवयीने हाक दिली, "बाजू?"

पलीकडून उत्तर आलं...

"मोकळी."

आवाज ओला होता. तोंडात काहीतरी भरलेलं असताना बोलावं तसा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पलीकडे जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. फक्त सहाव्या खुंटाखाली, कोरड्या फरशीवर, थेंब पडत होते. त्यावर माश्या बसल्या होत्या.

दाजींनी कपाळावरचा घाम पुसला. "बाहेर रस्त्यावरून कुणीतरी बोललं असेल," म्हणाले.

ताईने मात्र ओळखलं. तिने तर ट्रेलर पाहिलाही नव्हता. दाजींचा शर्ट धुवायला घेतला आणि बादली तशीच बाहेर नेऊन ओतली.

"हा कुठला वास घेऊन येताय? मला तुमच्या शेजारी बसवत नाही," ती म्हणाली. मग मला बाजूला घेतलं. "हे ऐकायचे नाहीत. पहिल्या खेपेला तू सोबत जा. एकट्याला सोडू नकोस."

गेलो.

जंगलातून माल भरला. खुंटांच्या वर चांगले दोन थर. रस्त्यात थांबून दाजींनी साखळ्या पुन्हा आवळल्या, सगळं शिस्तीत. मी खिडकीबाहेर तोंड काढून बसलो होतो. केबिनमध्येही तो वास होता. दाजी एकीकडे उदबत्ती लावत होते आणि दुसरीकडे म्हणत होते, "मला तर काही येत नाही बुवा."

वखारीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. माणसं जेवायला बसलेली. दाजींना धीर कुठला! ते लीव्हरकडे गेले, मी पलीकडे गेलो. माझं काम फक्त बघायचं आणि लांब उभं राहायचं.

पण सहाव्या खुंटाजवळ माश्यांचा थवा घोंगावत होता. माझं वेल्डिंग सुटलं की काय, म्हणून मी जवळ गेलो. वाकलो.

खुंट आणि ओंडका यांच्या फटीत काहीतरी होतं. पांढरट. फुगलेलं.

वाटलं, लाकडावरची बुरशी असेल.

बुरशीला नखं नसतात...

चार बोटं होती. पाण्यात दिवसभर राहिल्यासारखी सुरकुतलेली. कातडी सैल, नखांखाली काळं. ती फटीतून बाहेर येत होती. सावकाश. लाकूड चाचपत.

माझ्या पोटातलं सगळं वर आलं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

तेवढ्यात पलीकडून दाजींची हाक आली. "बाजू?"

मला ओरडायचं होतं. तोंड उघडता येईना. तोंडात ओकारी भरलेली.

आणि अगदी माझ्या कानाशी, गालाला ओलसर वाफ लागेल इतक्या जवळून, कुणीतरी म्हणालं...

"मोकळी."

मी पळालो. खोटं कशाला बोलू, ओंडके येतील म्हणून पळालो नाही. किळस आली म्हणून पळालो. कुंपणापाशी जाऊन भडाभडा ओकलो. मागे आभाळ कोसळल्यासारखा आवाज झाला. वळून पाहिलं तर मी वाकलो होतो त्या जागी ओंडक्यांचा ढीग पडला होता. खालचा फुटून त्याच्या चिरफळ्या झाल्या होत्या.

वखारीतली माणसं डबे टाकून धावली. दाजी पांढरेफटक पडले होते. मला बघून त्यांनी मिठीच मारली आणि मग खाडकन कानाखाली वाजवली.

"गाढवा! खाली उभा राहून मोकळी म्हणतोस?"

"मी नाही म्हणालो."

"मी बहिरा आहे का? तुझाच आवाज होता."

"दाजी, माझं तोंड भरलेलं होतं."

त्यांनी माझ्या हातांकडे, शर्टाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "हो. तोंड भरल्यासारखाच होता."

ओंडके हलवून बघितलं. फटीत काही नव्हतं. खोबण फक्त ओली होती.

त्या संध्याकाळी ताईने निक्षून सांगितलं, "उपाशी राहू. पण ते लोखंड तोडून टाका." मी म्हणालो, सकाळी गॅस कटर घेऊन येतो, तुकडे करून भट्टीत देतो. दाजींनी मान डोलावली.

सकाळी गेलो तर ट्रेलर नव्हता.

विकला होता. आदल्या रात्रीच, पहिलं गिऱ्हाईक आलं त्याला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. अंगणात फिनाईलचे रिकामे डबे पडले होते आणि रंगाचा डबा. सहाही खुंटांना एकच रंग मारून दिला होता म्हणे, म्हणजे कुणी माझ्यासारखं विचारायला नको.

"आमचंही घर चालायला हवं ना," दाजी म्हणाले. माझ्याकडे न बघता, माझ्या शर्टाकडे बघत.

खोबणीतली घाण मी सळईने काढली होती. या घाणीला काय लावायचं? ताई आत स्वयंपाकघरात उभी होती. तिने तेव्हापासून त्यांचा शर्ट धुतलेला नाही. मीही त्यांच्या घरी पाणी पीत नाही.

रस्त्यात ओंडक्यांची गाडी दिसली की मी थांबतो. वास येतो का बघतो. अजून तो ट्रेलर दिसलेला नाही.

पण परवा...

परवा दुपारी मी वर्कशॉपमध्ये एकटाच जेवत होतो. घास तोंडात होता. अचानक त्याची चव बदलली. गोडसर. जिभेला केस लागला. मी बोटाने ओढायला लागलो, तो संपेचना. आणि त्याच वेळी कुठूनतरी, खूप लांबून, एका अनोळखी माणसाची हाक ऐकू आली.

"बाजू?"

मी तोंड घट्ट मिटलं होतं. शपथेवर सांगतो, मिटलं होतं.

तरीही माझी जीभ हलली.