बेलुरेंच्या गाडीतला निळा धूर

"आमच्या गाडीत कोणीतरी मुद्दाम बिघाड करतंय," वीरेश बेलुरे खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाला. "कोण, तेही मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त पुरावा काढा."

दामिनी उटगेंनी चष्मा कपाळावर सरकवला. लातुरात खासगी तपासाचं ऑफिस थाटण्याआधी बारा वर्षं त्या विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासत होत्या. कोपऱ्यातल्या भागवतनं वही उघडली. मदतनीस, ड्रायव्हर आणि खालून चहा आणणारा, तिन्ही तोच.

"नाव?"

"सिद्धराम. माझ्या वडिलांचाच चेला."

वीरेशचे वडील मलप्पा एसटीच्या वर्कशॉपातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. घरची पेट्रोल गाडी एकोणीस वर्षांची. दिवाळीपासून ती निळा धूर सोडू लागली.

"निळा धूर म्हणजे इंजिनात तेल जळतंय, एवढं मलाही कळतं," वीरेश म्हणाला. "संक्रांतीला सिद्धरामनं इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा नव्या टाकल्या. पंधरा दिवस गाडी चोख. पुन्हा धूर. मग तो दर सोमवारी न बोलावता घरी यायला लागला, तेही मी दुकानावर असताना. शिवरात्रीच्या आधी बायकोनं त्याला पकडला. बॉनेट उघडं, हातात नळी, पायाशी डबा."

"काय म्हणाला?"

"काही नाही. मी त्याच्या गॅरेजवर जाऊन वीस माणसांत विचारलं, जुन्याच रिंगा टाकल्यास ना? तर हात जोडून म्हणाला, चूक माझीच हाय. गिऱ्हाईक तुटलं, गॅरेज बंद पडलं. आता नांदेडला गाड्या धुतो म्हणे."

"मग आता काय राहिलं?"

"पाडव्याला दुसऱ्या गॅरेजात इंजिन करून घेतलं. पंधरा दिवस चोख, पुन्हा तेच! तो सूड घेतोय, मॅडम. फाटक ओलांडून येतो आणि काहीतरी टाकतो."

भागवतनं वहीत 'सिद्धराम' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्याच्या मते काम संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते बेलुरेंच्या अंगणात होते. पांढरी गाडी धुऊन पुसून उभी होती. वीरेशनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. धूर नाही.

"व्हॉल्व्हची तेल अडवणारी सील गेली असती तर रात्रभर उभ्या गाडीनं पहिल्या स्टार्टलाच निळा लोट सोडला असता," दामिनीताई म्हणाल्या. मग त्यांनी तेल ओतायचं झाकण काढून त्यावर तळहात धरला. "रिंगा गेल्या असत्या तर इथून धापा लागल्यासारखी वाफ आली असती. तीही नाही."

त्यांनी वीरेशला रेस द्यायला सांगितलं. चार-पाच मिनिटांत अंगणभर निळा धूर पसरला. इंजिन बंद झाल्यावर त्यांनी वरचा ब्रीदर पाइप सोडवला. इंजिनातली हवा बाहेर काढणारी ती रबरी नळी आतून तेलानं निथळत होती.

थोडा वेळ थांबून भागवतनं तेल मोजायची पट्टी पुसून पुन्हा घातली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर.

"तेल भरपूर हाय ताई," तो म्हणाला. "त्याची काळजी न्हाई."

दामिनीताईंनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं.

वीरेशची बायको शिवकन्या धुण्याच्या दगडापाशी होती. भिंतीला लागून इंजिन तेलाचे कापलेले डबे ओळीनं मांडलेले. कशात कोथिंबीर, कशात मेथी.

"बाबा कापून देतात," ती म्हणाली. "दिवाळीपासून नऊ झाले. खरं सांगू का ताई, ही गाडी विकावी असं मला लई वाटतं. पण बाबांचा जीव अडकलाय तिच्यात."

"सिद्धराम यायचा तेव्हा त्याच्या हातातला डबा भरलेला असायचा की रिकामा?"

ती थबकली. "येताना रिकामा. जाताना मात्र जड असायचा. चांगलं तेल चोरत असंल, दुसरं काय!"

तेवढ्यात मलप्पा फिरून आले. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, हातात जड कापडी पिशवी. ती गाडीच्या चाकामागं ठेवून त्यांनी भागवतला विचारलं, "गाव कोणतं?"

"अर्धापूर."

"केळीवाले!" म्हातारा मनापासून हसला. मग बॉनेटवर हात ठेवून एसटीच्या जुन्या इंजिनांच्या गोष्टी सांगू लागला. कोणत्या गाडीचा कोणता नट कुठं आवळला, सगळं तोंडपाठ. "हिला रोज अंघोळ, रोज तेल-पाणी. तीस वर्षांत माझ्या हातची गाडी रस्त्यात थांबली न्हाई."

चहा झाला. मलप्पांनी पुन्हा भागवतकडं वळून विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

"अर्धापूर," भागवत जरा मोठ्यानं म्हणाला. कानानं कमी येत असेल बिचाऱ्याला.

"केळीवाले!" म्हातारा तितकाच मनापासून हसला.

दुसऱ्या गॅरेजचा मेकॅनिक सरळ बोलला. "सिद्धरामनं टाकलेल्या रिंगा एकदम कोऱ्या होत्या, मॅडम. मालक म्हणाले बदल, म्हणून बदलल्या."

"इंजिनातून जुनं तेल किती निघालं?"

"मोजतंय कोण? खाली लावलेलं घमेलं मात्र भरून वाहिलं."

दामिनीताई गाडीत येऊन बसल्या. "वीरेशना बोलवा, भागवतभाऊ," त्या म्हणाल्या. "नांदेडला जायचंय. जे बोलायचं ते सिद्धरामसमोरच."

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. मागच्या सीटवर वीरेश पोलिसांत काय लिहून द्यायचं ते घोकत होता.

सिद्धराम नांदेडच्या बाहेर एका वॉशिंग सेंटरवर सापडला. पन्नाशीचा माणूस, पायात रबरी बूट, बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. वीरेशला पाहताच त्यानं हातातला पाण्याचा पाइप बंद केला.

"उस्ताद बरे हाईत ना?" हाच त्याचा पहिला प्रश्न.

शेडमागच्या बाकावर सगळे बसले. दामिनीताई हळू आवाजात बोलू लागल्या.

"रिंगा चांगल्या, सील चांगली. मग तेल का जळतंय? भागवतभाऊंनी पट्टी काढली तेव्हा उत्तर समोर होतं. जळणारं तेल कमी होत जातं, वीरेश. तुमच्या गाडीत ते वाढत होतं. प्रमाणाबाहेर तेल भरलं की इंजिन त्याचा फेस करतं, आणि तो ब्रीदर पाइपातून आत ओढला जाऊन जळतो. इंजिन खोललं की तेल नवं, बेताचं. म्हणून पंधरा दिवस चोख. पुढं कोणीतरी रोज थोडं थोडं ओततं."

"हाच!" वीरेश उठला.

"हा काढत होता. रिकामा डबा आणायचा, जड डबा न्यायचा. नळीनं जास्तीचं तेल उपसत होता. याला तुम्ही घराबाहेर काढलं आणि घमेलं भरून वाहण्याइतकं तेल साचलं."

"मग ओततं कोण?"

"मॅडम, तिथंच थांबा," सिद्धराम कळवळून म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

"थांबता येत नाही, सिद्धराम. उपचार खोळंबलेत." त्या वीरेशकडं वळल्या. "सहा-सात महिन्यांत नऊ डबे रिकामे झाले. रोज तेल-पाणी कोण करतं? पिशवीतून नवा डबा कोण आणतं? आणि भागवतभाऊंना पाऊण तासात दोनदा गाव कोणी विचारलं? दोन्ही वेळा तेच हसू. त्यांना ऐकू नीट येतं. विचारल्याचंच आठवत नाही. तसं तेल ओतल्याचंही आठवत नाही."

वीरेश पुन्हा बाकावर बसला.

भागवतनं मान खाली घातली. म्हाताऱ्याशी आपण ओरडून बोललो, एवढंच त्याला आठवत होतं.

"मी एकदा बोललो उस्तादला," सिद्धराम म्हणाला. "पट्टी दाखवली. बघून बघून रडले. म्हणले, सिद्धा, अख्ख्या वर्कशॉपनं माझ्या हाताची शपथ खाल्ली, अन् मला तेलाचा अंदाज राहिला न्हाई. पोराला सांगू नको. दुसऱ्या दिवशी तेही इसरले. मी कसा इसरू? तुम्ही रिंगांचं विचारलं तवा वाटलं, माझं नाव गेलं तर गेलं."

"मी सगळ्यांना खरं सांगतो," वीरेश म्हणाला. "गॅरेज पुन्हा उघडून देतो."

"अन् कारण काय सांगनार?"

पलीकडं कोणीतरी धुतलेली जीप सुरू केली आणि ती निघून गेली.

"तेल मी ओतत होतो म्हणून सांगेन," वीरेश म्हणाला. "अक्कल नव्हती, म्हणून ओतलं."

सिद्धरामनं मान हलवली. ती होकाराची की नकाराची, भागवतला कळलं नाही. "गॅरेज नको आता, दादा. मी बी गप बसलो. तवाच बोललो असतो तर उस्तादचे एवढे महिने वाया गेले नसते. त्याचं काय करू?"



वीरेशनं शब्द पाळला. लातूरच्या एकेका गॅरेजवर जाऊन त्यानं स्वतःच्या मूर्खपणाची गोष्ट सांगितली. लोक हसले. काहींनी सिद्धरामची चौकशी केली, काहींनी तेवढंही केलं नाही. सिद्धराम नांदेडलाच राहिला.

डॉक्टरांच्या तारखेला मात्र तो पहिल्या एसटीनं आला. मलप्पा त्याचा हात धरूनच आत गेले. भागवत गाडी लावून आला तेव्हा दार अर्धवट उघडं होतं.

"पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" डॉक्टर विचारत होते.

वीरेशनं सिद्धरामकडं पाहिलं.

"दसऱ्याला," सिद्धराम म्हणाला. "पूजा करून उस्तादनी गाडीला हार घातला, आत गेले, अन् दुसरा हार घेऊन आले. म्हणले, गाडीला हार कोणीच कसा घातला न्हाई? मी पहिला हार हळूच काढून घेतला. त्यांना घालू दिला."

डॉक्टर लिहीत राहिले, पुढचे प्रश्न विचारत राहिले. प्रत्येकाचं उत्तर सिद्धरामच देत होता. शेजारी वीरेश मान खाली घालून ऐकत होता. सगळं त्याच्याच अंगणात घडलेलं होतं.