रिकामा पोर्ट

२००६च्या मे महिन्यात मी पहिल्यांदाच एकटा कॅमेरा बसवायला गेलो. चांदवडच्या अलीकडे, हायवेपासून आत, ज्योत्स्नाताईंचं कांद्याचं गोदाम होतं. इलेक्ट्रॉनिक्समधली बी.एस्सी. ताजी होती, पिशवीत स्वतःचा मल्टिमीटर होता. मी भलताच खुशीत होतो.

अडचण साधी होती. रात्री कुलूप लावलेलं दार सकाळी सताड उघडं सापडायचं आणि गुरं शिरून कांदा तुडवायची. किल्ली एकट्या सावळीरामकडे, म्हणजे रखवालदाराकडे.

"आता पुन्हा असं झालं, तर मी दुसरा माणूस बघणार," ताईंनी त्याच्यादेखत सांगितलं.

"बघा की. माझ्याइतका देखणा नाय मिळायचा," सावळीराम म्हणाला. पण किल्ली त्याने मुठीत घट्ट धरली होती.

दार उघडण्याआधी त्याने कडी तीनदा पत्र्यावर आपटली आणि थांबला.

"हे कशाला?"

"आत नाग ऱ्हातो, भाऊ. त्याला सरकायला येळ द्यायचा. आमच्याकडं अशीच रीत हाय."

गोदामात उबट, गोडसर वास होता. दारासमोरच्या भिंतीवर मी कॅमेरा चढवला. त्याच्या पाठीला तीन पोर्ट होते. पहिल्यातून निघालेली नेटवर्कची केबल बाहेर लिंबाखाली, बाजेवर ठेवलेल्या माझ्या लॅपटॉपपर्यंत नेली. दुसऱ्यात दाराच्या चुंबकी स्विचच्या दोन तारा. तिसऱ्याला बाहेरची घंटा. लॅपटॉपवरून कॅमेऱ्याला नेटवर्कवरचा पत्ता दिला आणि सेटिंग केलं: दार उघडलं की फोटो निघेल, घंटा वाजेल.

सावळीरामने दार उघडलं. घंटा वाजली, फोटो आला.

"लय काळा दिसतो मी."

"त्यात कॅमेऱ्याची चूक नाही," ताई म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो.

कुलूप लावून बाजेवर चहाला बसलो आणि घंटा वाजली. तीनदा, सारख्या अंतराने. फोटोत दार बंद होतं, समोरही बंदच होतं.

"स्विचचा स्क्रू सैल राहिला असेल," मी म्हणालो. आत जाऊन तो आवळला. परत येऊन कप उचलला, तर पुन्हा तीनदा.

लांब तारेत कधी कधी नसती वीज भरते, हे मी ताईंना समजावून सांगितलं. मग आत जाऊन स्विचच्या दोन्ही तारा पोर्टमधून काढूनच टाकल्या. आता दाराचा सिग्नल कॅमेऱ्यात जायला वाटच नव्हती. बाहेर येऊन सावळीरामकडून कुलूप लावून घेतलं, ओढून पाहिलं.

ताईंनी दुसरा चहा ओतला.

घंटा वाजली. तीनदा.

या वेळच्या फोटोत दार उघडं होतं. कांद्यावर उन्हाचा पट्टा पडला होता. दारापलीकडे लिंब, बाज आणि बाजेवर आम्ही तिघं, समोरून, स्वच्छ. सावळीरामचा कप ओठाला लागलेला.

मी मान वर केली. कुलूप जागच्या जागी होतं. सावळीरामचा कप ओठाला होता.

ताईंनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मग हळूच म्हणाल्या, "सावळीराम, तू तर इथंच आहेस रे."

"मग मी काय सांगत व्हतो?"

"राहा बाबा कामावर. माझीच चूक झाली."

त्याने कप खाली ठेवला आणि उपरण्याने डोळे पुसले. मलाही बरं वाटलं. तारा पुन्हा जोडायच्या म्हणून मी किल्ली घेऊन दाराशी गेलो.

आतून पत्र्यावर टकटक झाली.

तीनदा. मग थांबून राहिल्यासारखी शांतता.

आमच्या घरी माणसांची सतत ये-जा. तोंडातून आपसूकच निघून गेलं, "या."

सावळीरामच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"भाऊ," तो म्हणाला, "इतकी वर्सं ऐकतोय मी. कधी जबाब नाय दिला."

मी कुलूप काढून दार उघडलं. आत फक्त कांदे होते. मी तारा जोडल्या, सगळं पुन्हा तपासलं. घंटा दाराबरोबरच वाजत होती, एरवी गप्प. निघताना ताईंनी कांद्याची गोणी मोटरसायकलला बांधून दिली.

नाशिकला घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. दार लावून मी बूट काढत होतो, तोच कडी वाजली. तीनदा.

मी हात वर करून आईला थांबवणार, एवढ्यात ती स्वयंपाकघरातून नेहमीच्या आनंदी आवाजात ओरडली, "या ना, आत या!"